परतणारे बाबा तुम्हीच पाहिलेत

"मावशी, बाबांना जाऊन दहा महिने झाले. सुट्टी म्हणजे डोंगर, असं त्यांचं आयुष्यभर चाललं. पुढच्या महिन्यात त्यांच्या ट्रेकमधल्या मित्रांनी स्मरणसभा ठेवलीय आणि मुलगी म्हणून मी बोलावं, असा सगळ्यांचा आग्रह आहे. माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही. मला उंचीची भीती, मी लहानपणीच जाणं सोडलं. बाबा घरी आले की सॅक दारात टाकून मोज्यांतली कुसळं काढत बसायचे, मी शेजारी बसायचे, तेवढेच ते माझ्या वाट्याला. खरं सांगू का, मला रागही येतो. माझ्या कितीतरी कार्यक्रमांना ते नव्हते. भाऊ म्हणतो, सामान वाटून टाकू. आई बुटांना हात लावू देत नाही. भावाच्या मते ती अजून 'नकाराच्या टप्प्यात' आहे. माझा साडेतीन वर्षांचा मुलगा विचारतो, आजोबा कधी येणार? आम्ही सांगतो, डोंगरावर गेलेत. मी काय करू?
– पायथ्याशी राहिलेली"

अगं, काही नाही म्हणतेस आणि अख्ख्या पत्रातली सगळ्यात जिवंत गोष्ट जाता जाता लिहून मोकळी होतेस. कुसळं काढणं हे घाईचं काम नाही. त्यांना बारीक उलटे काटे असतात, वरून ओढली की तुटतात. मोजा उलटा करून आतल्या बाजूने एकेक चिमटीत धरावं लागतं. म्हणजे दिवसभर चालून दमलेला माणूस दारात बसून ते करत होता आणि एक मुलगी शेजारी बसून होती. तेव्हा काय बोलायचे गं ते? की गप्पच असायचे? हातांना मातीचा वास यायचा का? इथून सुरुवात कर. पहिल्या वाक्यापासून.

सभेला येणारे बहुतेक जण वरचा माणूस सांगतील. कुठली वाट, कुठला पाऊस, कुणाला हात देऊन कसं वर घेतलं. ते खरंच असणार, आणि तुला ते ऐकायला आवडेलही. पण आदल्या रात्री सॅक भरणारा, पहाटे कुणाची झोप मोडू नये म्हणून चपला हातात घेऊन निघणारा (निघत होते ना तसे? आईला विचार) आणि संध्याकाळी परत येणारा माणूस त्यांच्यापैकी कुणीच पाहिलेला नाही. तो फक्त तुमच्या घराला ठाऊक आहे. तू बोलली नाहीस तर बाबांचं अर्धं आयुष्य त्या सभेत कुणी उच्चारणारच नाही.

सभेच्या आधी त्यांच्या दोघा-तिघा जुन्या सोबत्यांना फोन कर. "बाबा कसे होते" असं विचारू नकोस, सगळे "देवमाणूस" म्हणून सुटतील. विचार, "मुक्कामाला असताना बाबा घरच्यांबद्दल काय बोलायचे?" आलेलं उत्तर त्याच दिवशी त्यांच्याच शब्दांत लिहून ठेव. परवानगी देत असतील तर आवाजही रेकॉर्ड कर. ही माणसंही आता वयाने मोठी झाली असणार.

आता राग. तू तो दडपावास असं मला वाटत नाही. गेलेल्या माणसाला निर्दोष करून टाकलं की तो आपला राहत नाही, कुणाचाही फोटो होतो. भाषणात एक वाक्य पुरे: "मला ते हवे असायचे तेव्हा कधी कधी ते डोंगरात असायचे, आणि मला त्याचा राग यायचा." बस्स. हिशेब मांडायचा नाही, लगेच "पण" जोडून सारवासारवही करायची नाही. मात्र ते वाक्य आईने पहिल्यांदा सभेत ऐकू नये, आधी तिला वाचून दाखव. कदाचित तिचंही असं एखादं वाक्य निघेल.

भावाला सांग, नकारापासून स्वीकारापर्यंतचे ते पाच टप्पे मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 साली मांडले ते मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी ते क्रमाने पार करावेत, असं वेळापत्रक म्हणून ते कधीच नव्हते. पुढे 1996 मध्ये शोकाचे अभ्यासक डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट बाजू मांडली. गेलेल्या माणसाशी नातं तोडूनच सावरता येतं असं नाही, अनेक जण ते नातं वेगळ्या रूपात सांभाळत नीट जगतात. आई जेवतेय, झोपतेय, चार माणसांत मिसळतेय, अधूनमधून हसतेय, तर बूट राहू देत. वर्ष उलटूनही रोजचा दिवस ढकलणं कठीण जात असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. आणि जगावंसंच वाटत नाही असं ती बोलली, तर वर्षाची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी न्यायचं.

बुटांबद्दल मात्र एक गोष्ट आईला आधीच सांगून ठेव. ट्रेकिंगच्या बऱ्याच बुटांच्या तळात पॉलियुरेथेन नावाचं प्लास्टिक असतं. हवेतल्या ओलाव्याने ते काही वर्षांत भुसभुशीत होतं, बूट नुसते ठेवले तरी. एक दिवस तळवा हातात तुटून आला तर तिला वाटायला नको की आपलंच जपायचं राहिलं. ते जोडे पायात घालून कुणी डोंगरात जाऊ नये, हेही त्यातच आलं.

आणि भाऊ वाटपाला निघालाच असेल, तर चढाईचा दोर आणि हार्नेस (दोराला अडकवायचा कमरपट्टा) कुणालाही देऊ देऊ नकोस. नायलॉन वरून धडधाकट दिसतं, आतून म्हातारं झालेलं असतं. न वापरलेल्या दोरालाही बहुतेक उत्पादक दहा वर्षांचीच मुदत देतात. बाबांचा दोर किती जुना, किती झटके खाल्लेला, हे सांगणारा माणूसच आता नाही. दोराचे तुकडे करून टाका, म्हणजे हौसेने कुणी त्यावर लटकणार नाही. एखादा तुकडा ठेवायचा तर ठेवा. सॅक, टॉर्च, काठी मात्र खुशाल द्या, जो चालणार आहे त्याला.

मुलाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. "डोंगरावर गेलेत" हे आजपासून बंद. दुसऱ्या घरात हे उत्तर नुसतं गोड ठरलं असतं, तुमच्या घरात ते फसवं आहे, कारण त्याचे आजोबा डोंगरावर जायचे आणि परत यायचे. तो वाट बघतोय. उद्या तू फिरायला निघालीस तर तूही अशीच गेलीस, असं त्याला वाटेल. "झोपलेत" हेही नको, मुलं झोपायला घाबरू लागतात. सरळ सांग: "आजोबा मेले. त्यांचं शरीर चालायचं थांबलं. ते आता परत येणार नाहीत. आम्हालाही त्यांची आठवण येते." हे म्हणताना तू रडलीस तरी चालेल.

आजोबा त्याला स्वतःहून आठवतील का? या वयातलं फारसं उरत नाही, मोठेपणी आपल्या आठवणी साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या अलीकडच्याच असतात. त्यांचे दोघांचे एकत्र फोटो छापून घे, मागे मऊ पेन्सिलने कोण, कुठे, कधी ते लिही, आणि त्याच्या हाताला लागतील असे ठेव.

मेल्याचा अर्थ या वयात एकदम कळत नाही. तो उद्या पुन्हा विचारेल, परवाही विचारेल. दर वेळी तेच सांग, त्याच शब्दांत. आईने आणि भावानेही तेच सांगायचं, हे आज रात्रीच तिघांनी बसून ठरवा.