बँकेची साइट उघडताना ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ असा इशारा आला. खरा मानायचा का?

नाही. इशाऱ्यात फोन नंबर दिसला की तो खोटाच समजा. विंडो बंद होत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर तिथून बंद करा. मग विंडोज सिक्युरिटी या विंडोजच्याच अँटीव्हायरसमध्ये पूर्ण स्कॅन लावा. विंडोज १० आणि ११ मध्ये ते आधीपासूनच असतं.

‘कनेक्शन खाजगी नाही’ हा ब्राउझरचा इशारा मात्र वेगळा. संगणकाची तारीख-वेळ चुकली असली तरी तो येतो, म्हणून आधी ती तपासा. ती बरोबर असेल, तर बँकेच्या साइटवर ‘तरीही पुढे जा’ कधीच दाबू नका, कितीही घाई असो. आणि साइटच्या पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका: वाटेत माहिती कुणाला वाचता येत नाही एवढंच ते सांगतं, साइट बँकेचीच आहे असं नाही. भामट्यांच्या साइटवरही ते असतं. पत्ता स्वतः टाइप करा.

त्या नंबरवर फोन करून कुणाला स्क्रीनचा ताबा दिलाच असेल, तर इंटरनेट तोडा, दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला आणि बँकेला लगेच कळवा. सकाळपर्यंत थांबू नका.