हरलेला उमेदवार उपराष्ट्राध्यक्ष कसा झाला?

प्रश्न : म्यानमारमध्ये २०१५ च्या निवडणुकीत आंग सान सू ची यांच्या पक्षाने घवघवीत यश मिळवले. तरीही पुढे संसदेने केलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या निवडीत हरलेला लष्कराचा उमेदवार उपराष्ट्राध्यक्ष झाला, असे वाचनात आले. हे कसे घडले? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. ही सोय २००८ च्या, म्हणजे लष्करी राजवटीनेच तयार करून घेतलेल्या राज्यघटनेत मुद्दाम केलेली होती. तिथल्या संसदेच्या दोन्ही सभागृहांत मिळून ६६४ जागा असून त्यांपैकी १६६ जागांवर निवडणूक होतच नाही. तिथे सरसेनापती आपले अधिकारी नेमतात. कनिष्ठ सभागृहाचे निर्वाचित सदस्य, वरिष्ठ सभागृहाचे निर्वाचित सदस्य आणि हे लष्करी सदस्य असे तीन गट प्रत्येकी एक नाव सुचवतात आणि मग सारी संसद मतदान करते. सर्वाधिक मते मिळवणारा राष्ट्राध्यक्ष होतो, उरलेले दोघे आपोआप उपराष्ट्राध्यक्ष होतात. (आपल्याकडे राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्यांना राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मतही देता येत नाही.)

१५ मार्च २०१६ रोजी ६५२ मतांपैकी सू ची यांचे विश्वासू तिन च्यो यांना ३६०, लष्कराचे उमेदवार व निवृत्त लेफ्टनंट जनरल म्यिंत स्वे यांना २१३ आणि सू ची यांच्याच पक्षाचे दुसरे उमेदवार हेन्री व्हान थिओ यांना ७९ मते पडली. सू ची यांचे मुलगे ब्रिटिश नागरिक असल्याने राज्यघटनेनुसार त्या स्वतः अपात्र होत्या, आणि ती अट बदलायला तीन चतुर्थांशांहून अधिक मते लागत असल्यामुळे लष्कराच्या संमतीवाचून ते शक्य नव्हते.

मला यातला सर्वांत घातक भाग दुसऱ्या क्रमांकाचा वाटतो. राष्ट्राध्यक्षपद रिकामे झाल्यास दुसऱ्या क्रमांकाची मते मिळालेला उपराष्ट्राध्यक्ष हंगामी राष्ट्राध्यक्ष होतो, असे राज्यघटना सांगते. आणीबाणी पुकारण्याचा अधिकारही राष्ट्राध्यक्षांचाच. तिन च्यो यांच्या राजीनाम्यानंतर २०१८ मध्ये सू ची यांच्याच पक्षाचे विन म्यिंत राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, तेव्हाही म्यिंत स्वे दुसरेच राहिले. १ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्याला प्रकृतीचे कारण दाखवून राजीनामा देण्यास सांगितले आणि आपण तो साफ नाकारला, असे विन म्यिंत यांनी नंतर न्यायालयात सांगितले. राजीनामा न देणाऱ्या राष्ट्राध्यक्षाला कोंडून त्याचे पद रिक्त मानणे हा माझ्या मते त्याच राज्यघटनेचा उघड भंग होता. त्यांना अटकेत टाकून म्यिंत स्वे यांना हंगामी राष्ट्राध्यक्ष करण्यात आले आणि त्यांनी त्याच दिवशी आणीबाणी पुकारून सारी सत्ता सरसेनापती मिन आंग ल्हाइंग यांच्या हाती दिली.