टॉवरशी बोलताना जीभ अडखळते तेव्हा

विमान चालवायला शिकतेय. विमानतळाचा टॉवर रेडिओवर इतक्या भरभर बोलतो की अर्धं डोक्यावरून जातं. मग मी नुसतं 'रॉजर' म्हणून मोकळी होते आणि खाली उतरल्यावर इन्स्ट्रक्टरची बोलणी खाते. काय करू?
– विद्यार्थिनी, सुदामानगर, इंदूर

बोलणी खाण्यासारखंच आहे ते. 'रॉजर' म्हणजे 'तुमचं बोलणं पूर्ण ऐकलं', एवढंच. नेमकं काय ऐकलंस, हे टॉवरला त्यावरून कसं कळणार? रनवे, क्यूएनएच (उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरवर लावायचा हवेचा दाब), ट्रान्सपाँडरचा (रडारला विमानाची ओळख सांगणाऱ्या यंत्राचा) कोड, उंची, हेडिंग (विमानाची दिशा), 'होल्ड शॉर्ट' (रनवेच्या अलीकडे थांबा) हे सगळं परत म्हणून दाखवायचं असतं. तुझी चूक तिथल्या तिथे पकडली जावी म्हणून. समज, क्यूएनएच १००३ दिलं आणि तू १०१३ लावलंस. अल्टिमीटर जवळजवळ ३०० फूट जास्त दाखवेल. तुला वाटेल आपण सर्किटमध्ये, म्हणजे विमानतळाभोवतीच्या ठरलेल्या फेरीत, जमिनीपासून हजार फुटांवर आहोत, आणि असशील सातशेवर.

कळलं नाही तर सरळ 'से अगेन' (पुन्हा सांगा) म्हण. सुरुवात कळली आणि पुढचं निसटलं, तर 'से अगेन ऑल आफ्टर' (अमुकनंतरचं सगळं पुन्हा सांगा) म्हणून शेवटचा कळलेला शब्द सांग. त्यात लाजायचं काही नाही, मुरलेले कॅप्टनही विचारतात.

आणि एक युक्ती. टॉवर काय बोलणार, हे बरंचसं आधीच ठाऊक असतं. इंदूरला रनवे एकच, एका टोकाने त्याचं नाव ०७, दुसऱ्या टोकाने २५. वारा बघून निघालीस तर कुठलं टोक मिळणार याचा अंदाज खाली असतानाच येतो. गुडघ्यावरच्या पॅडवर रनवे, वारा, क्यूएनएच, कोड असे रकाने आखून ठेव. मग ऐकता ऐकता फक्त आकडे भरायचे राहतात.

'रेडी फॉर टेकऑफ' म्हटलं म्हणून सरांनी झापलं. एका शब्दाचं एवढं काय?
– विद्यार्थी, लोकमान्यनगर

२७ मार्च १९७७, टेनेरीफ बेटावरचा विमानतळ, दाट धुकं. परवानगी मिळालेली नसताना केएलएम या डच कंपनीचं जम्बो विमान धावायला लागलं. वैमानिकाच्या बोलण्यात 'टेकऑफ' होतं, पण टॉवरमधल्या कंट्रोलरला वाटलं विमान जागेवर तयार उभं आहे. त्याने 'थांबा' म्हटलं, त्याच क्षणी अमेरिकी कंपनी पॅन अ‍ॅमचे वैमानिकही बोलले, दोन आवाज एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये शिट्टी तेवढी ऐकू गेली. पॅन अ‍ॅमचं जम्बो त्याच रनवेवर होतं. ५८३ माणसं गेली. तेव्हापासून 'टेकऑफ' हा शब्द परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतात. तू 'रेडी फॉर डिपार्चर' म्हणायचं. सरांचा राग मला तरी रास्त वाटतो.

टॉवरने मला उतरताना एअरबसच्या मागे 'नंबर टू' लावलं. ती फार जवळ वाटली. टॉवरला नाही म्हणता येतं का?
– सोलोला (एकट्याने उडायला) सुरुवात केलेला एक जण

येतं. 'अनेबल' (जमणार नाही) म्हण, कारण दोन शब्दांत सांग आणि ऑर्बिट (एक गोल घिरटी) माग. तुझं छोटं सेस्ना विमान वजनाच्या वर्गात 'लाइट', एअरबस ए३२० 'मीडियम'. तिच्या पंखांच्या टोकांमागचे भोवरे हळूहळू खाली बसतात, म्हणून मागून उतरणाऱ्या लाइट विमानासाठी तीन मिनिटांचं अंतर धरलेलं आहे. तिच्या वाटेच्या वरूनच ये आणि तिची चाकं टेकली त्याच्या पुढे टेक. कंट्रोलर बांधलेला असतो वेळापत्रकाला, तू नाहीस.

रेडिओच बंद पडला तर?
– वडोदऱ्याहून एक पत्र

आधी आवाजाचं बटण आणि हेडसेटची पिन बघा. बऱ्याचदा तिथेच घोळ असतो. नाहीच जमलं तर ट्रान्सपाँडरवर ७६०० (रेडिओ बंद असल्याचा कोड) लावा आणि टॉवरच्या दिव्याकडे लक्ष ठेवा. स्थिर हिरवा म्हणजे उतरा. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या, घिरट्या घालत राहा. दिवा दिसला हे दिवसा पंख हलवून कळवायचं.

मुलगी हिंदी माध्यमातली, घरी मराठी. इंग्रजी ऐकून घाबरते. तिला हे जमेल का?
– एक आई, रामबाग

जमेल हो. रेडिओवरचं इंग्रजी म्हणजे ठरलेले शब्द, ठरलेल्या क्रमाने. शेक्सपियर नव्हे. आकडेसुद्धा मुद्दाम वेगळे बोलतात: तीनला 'ट्री', पाचला 'फाइफ', नऊला 'नायनर'. घरी तुम्हीच टॉवर व्हा. तिच्या वहीतली वाक्यं ओट्याशी पोळ्या लाटता लाटता वाचा, तिने पलीकडच्या खोलीतून, तुमच्याकडे न बघता उत्तर द्यायचं. चेहरा दिसला की ओठांवरून अंदाज बांधता येतो. कॉकपिटमध्ये ती सोय नाही. मिक्सर चालू असेल तर आणखीच चांगलं.