नाटकाच्या प्रकाशयोजनेसाठी कोणतं व्हिज्युअलायझर (रंगमंचावरचा उजेड आधीच पडद्यावर दाखवणारं) सॉफ्टवेअर घ्यावं? आणि त्यात दिसतं तसं रंगमंचावर का दिसत नाही?

तुमचा प्रश्न मला असा कळला: महिन्याभरात एकांकिका आहे, नाट्यगृहात लाइटसाठी जेमतेम दीड-दोन तास मिळणार, लॅपटॉप साधा आहे. आणि चाचणी आवृत्तीत झकास दिसलेला प्रवेश गेल्या खेपेला रंगमंचावर फिका, सपाट पडला.

मी ठाण्यात राहतो आणि बारा-एक वर्षं हौशी आणि प्रायोगिक नाटकांचं लाइट करतोय. माझं मत विचाराल तर सॉफ्टवेअर तुम्ही निवडूच नका, ते बोर्डाला, म्हणजे दिवे चालवायच्या कन्सोलला, निवडू द्या. प्रयोग ठाण्याच्या गडकरी किंवा घाणेकर नाट्यगृहात असो की वाशीच्या भावेला, पहिला फोन लाइटवाल्यांना करा आणि दोन गोष्टी विचारा: बोर्ड कोणता, आणि त्यात सॉफ्टवेअरची कितवी आवृत्ती आहे?

बोर्ड अ‍ॅव्होलाइट्सचा असेल तर त्यांचं टायटन हे सॉफ्टवेअर लॅपटॉपवर उतरवून घ्या, त्यात कॅप्चर या कंपनीचा व्हिज्युअलायझर आतच आहे. ईटीसीचा इऑस असेल तर २०२० पासून त्यात ऑगमेंट-थ्रीडी हा व्हिज्युअलायझर मिळतं. ग्रँडएमए-३ बोर्डाच्या ऑनपीसीतही, म्हणजे लॅपटॉपवरच्या आवृत्तीतही, थ्रीडी खिडकी आहे. घरी बसून सराव करायला या तिघांनाही पैसे पडत नाहीत. खरे दिवे लॅपटॉपवरून चालवायचे म्हटले तरच त्यांचं हार्डवेअर किंवा डोंगल (परवान्याची यूएसबी किल्ली) लागतं, आणि तुम्हाला ते करायचंच नाहीये. तुम्हाला घरी रचलेले क्यू (कोणत्या क्षणी कोणते दिवे किती, त्या नोंदी) पेनड्राइव्हवर घालून न्यायचेत. आवृत्ती विचारायची ती यासाठीच. नव्या आवृत्तीत केलेली फाइल जुन्या बोर्डावर उघडत नाही, हे मी रंगीत तालमीच्या दिवशी शिकलो. त्या दिवशी सगळे क्यू हाताने पुन्हा भरले आणि चहासुद्धा घेता आला नाही.

बोर्ड साधा, हाताने फेडर (उजेड कमी-जास्त करायची पट्टी) सरकवायचा निघाला, तर क्यू प्रोग्रॅम करून काहीच हाती लागत नाही. मग व्हिज्युअलायझर फक्त दिव्यांच्या जागा आणि कोन ठरवायला वापरा. त्यासाठी फुकटातलं ब्लेंडर-डीएमएक्स पुरतं, ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर थोडंफार येत असेल तर. दिवे चालवायच्या फुकट क्यूएलसी-प्लसच्या पाचव्या आवृत्तीतही थ्रीडी आहे. विकत घ्यायच्या गोष्टींत कॅप्चर विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतं, विझीविग फक्त विंडोजवर. डिपेन्स देखणं आहे, पण ते मैफिली, लेझर, कारंजी असल्या भव्य कामांसाठी. एकांकिकेला ते घेणं म्हणजे चाळीतल्या खोलीत झुंबर लावणं. काहीही घेतलंत तरी ते जीडीटीएफ आणि एमव्हीआर वाचतं का ते बघा. २०१८ मध्ये एमए, रोबे आणि व्हेक्टरवर्क्स या कंपन्यांनी मिळून दिव्यांच्या माहितीसाठी जीडीटीएफ हा खुला साचा आणला. एमव्हीआरमध्ये त्यासोबत अख्खी मांडणी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेता येते. उद्या बोर्ड बदलला तर रंगमंच पुन्हा काढत बसावं लागत नाही.

आता फिकं का पडलं त्याबद्दल. माझा अंदाज असा की चाचणी आवृत्तीत तुम्हाला जे आवडलं तो धूर होता. बहुतेक व्हिज्युअलायझर उघडले की हवेत धूर भरलेलाच असतो, प्रत्येक झोत तलवारीसारखा दिसतो, आणि आपण खूश होतो. कौटुंबिक नाटकात धूर नसतो. तिथे दिसतात ते चेहरे, भिंत आणि जमीन. म्हणून पहिलं काम: धूर शून्यावर आणा. दुसरं: सभोवतालचा उजेड म्हणून जो सरकता फेडर असतो, तोही शून्यावर. चित्र एकदम ओकंबोकं होईल. होऊ दे. लाइटची खरी रचना आता सुरू होते.

यानंतर एक्स्पोजर, म्हणजे चित्र किती उजळ दाखवायचं ते. बरंचसं सॉफ्टवेअर कॅमेऱ्यासारखं वागतं. एकच मंद दिवा लावलात तरी ते चित्र आपोआप उजळून दाखवतं, आणि तुमचा ३० टक्क्यांचा दिवा ७० टक्क्यांसारखा दिसतो. हे स्वयंचलित उजळणं बंद करा. मग कुठल्याही नाट्यगृहात संधी मिळेल तेव्हा एकच फ्रेनेल (मऊ कडांचा झोत देणारा दिवा) पूर्ण लावून त्याखाली पांढरा कागद धरा, प्रेक्षागृहाच्या मधल्या रांगेतून नीट बघा, आणि अंतर मोजून ठेवा. घरी तोच दिवा त्याच अंतरावर लावा. रात्री खोली अंधारी करून, लॅपटॉपची चमक ठरावीक ठेवून, एक्स्पोजर आठवणीतल्या उजेडाशी जुळवा. एकदा जुळलं की त्याला हात लावू नका. ही पद्धत शास्त्रशुद्ध नाही, पण माझं निम्मं काम तिने सुधारलं.

रंगाचंही असंच. हॅलोजन (तार तापून उजळणारा दिवा) पूर्ण लावला तर साधारण ३२०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर, आणि डिमर (उजेड कमी करणारं यंत्र) खाली आणला की तो तांबूस होत जातो. एलईडी अगदी खाली आणला तरी लाल होत नाही. व्हिज्युअलायझरमध्ये दोन्ही सारखेच मंदावत असतील, तर संध्याकाळचा प्रवेश तुम्ही एलईडीवर रचाल आणि तिथे ती संध्याकाळ येणारच नाही. हॅलोजन विझतानाही तार थंड व्हायला क्षणभर घेते, एलईडी कापल्यासारखा जातो. ब्लॅकआउटला हा फरक प्रेक्षकाला जाणवतो.

झोताच्या रुंदीसाठी सॉफ्टवेअरवर विसंबू नका, कागदावर पडताळा. २६ अंशांचा प्रोफाइल (रेखीव कडांचा झोत देणारा दिवा) ८ मीटरवरून साधारण ३.७ मीटरचं वर्तुळ पाडतो, ३६ अंशांचा ५.२ मीटरचं. पार, म्हणजे डब्यासारखा साधा दिवा, असेल तर यादीत नुसतं "पार" लिहून भागत नाही. आतला बल्ब सीपी-६०, ६१ की ६२, ते विचारा. ६० चा झोत अगदी अरुंद, ६२ चा बराच पसरट, आणि सॉफ्टवेअरमध्येही तोच निवडायला हवा.

एक माझी फजिती. वाशीतल्या एका प्रयोगासाठी मी खिडकीतून चांदणं पाडलं होतं, बाईच्या पदरावर अगदी नेमकं. व्हिज्युअलायझरमध्ये दिग्दर्शकाला दाखवलं, तोही गप्प झाला. प्रत्यक्षात चांदणं खिडकीपर्यंत पोचलंच नाही, कारण वर झालर (आडवा टांगलेला कापडी पट्टा) होती आणि ती मी सॉफ्टवेअरमधल्या चित्रात दाखवलीच नव्हती. विंगा, झालरी, मागचा सायक्लोरामा (मोठा सपाट पडदा), यांना रंगमंचाच्या चित्रात सेटइतकंच महत्त्व द्या. माणसांनाही. सॉफ्टवेअरमधले पुतळे करडे असतात. त्यांना कपड्यांचे खरे रंग द्या. पांढरं धोतर किंवा फिकट नऊवारी आपल्या अंगाने इतका उजेड परतवते की शेजारचा चेहरा त्यातच उजळतो, आणि गडद कोट सगळा उजेड गिळतो.

आणखी एक. व्हिज्युअलायझरमधले सगळे दिवे नवे कोरे असतात. भाड्याच्या दिव्याचं भिंग धुळकट असतं, जिलेटिनचा (दिव्यापुढच्या रंगीत कागदाचा) रंग मध्यभागी उडालेला असतो. म्हणून घरी मी काहीही ८० टक्क्यांच्या वर नेत नाही, तिथे वाढवायला जागा राहते.

लॅपटॉप रडत असेल तर सावल्यांचा दर्जा कमी करा आणि एका वेळी एकाच प्रवेशाचे दिवे चालू ठेवा. त्यासाठी नवा लॅपटॉप घेऊ नका, ते पैसे लेझरवर चालणाऱ्या अंतरमापकावर घाला. तुमच्या तारखेआधी त्याच नाट्यगृहात कुणाचं ना कुणाचं नाटक असेलच. तिकीट काढा, पडदा पडल्यावर मंडळींची परवानगी घ्या, आणि समोरचा बार (प्रेक्षागृहातला दिवे टांगायचा दांडा) रंगमंचाच्या कडेपासून किती लांब, किती उंच ते मोजून आणा. झालरींची उंची विसरू नका.