पादचारी पूल हवा की नको? आधी तो कशावरून जातोय ते पाहा

ताई, तुम्ही विचारलंय की घराजवळच्या मोठ्या रस्त्यावर पादचारी पूल होणार असं ऐकलंय, आईचे गुडघे गेलेत, शेजारचा मुलगा व्हीलचेअरवर आहे, तर पुलाला पाठिंबा द्यायचा की हरकत घ्यायची. रस्ते-पुलांच्या कामांवर सुपरवायझर म्हणून माझी बरीच वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रुळांवरून किंवा ओढ्यावरून जाणारा पूल असेल तर डोळे झाकून मागा. तिथं खालून वाटच नसते. सोलापूरचे तर रेल्वेने दोन भाग केलेत. रुळांपलीकडच्या शाळेत जाणाऱ्या पोराचा मोठा वळसा असा पूल वाचवतो, आणि रूळ ओलांडताना जाणारे जीवही वाचवतो. रस्त्यावरच्या पुलाचं गणित मात्र वेगळं आहे.

ते गणित सांगतो. शहरात रस्त्यावर ५.५ मीटर उंची मोकळी ठेवावी लागते. वर पुलाची जाडी धरा, म्हणजे चालायची पातळी झाली साधारण ६ मीटर. १५ सेंटिमीटरची एक पायरी धरली तर ४० चढायच्या आणि ४० उतरायच्या. व्हीलचेअरसाठी रॅम्पचा उतार १ ला १२ पेक्षा तीव्र चालत नाही, म्हणजे ६ मीटर चढायला ७२ मीटर रॅम्प. मध्ये दम घ्यायला दर ९ मीटरला सपाट जागा लागते, ती धरून ८० मीटरच्या वर. तेवढंच पलीकडे उतरायला. १५ मीटरचा रस्ता ओलांडायला त्या पोराने जवळपास १८० मीटर चाकं ढकलायची, तीही सोलापूरच्या मे महिन्यात. दुपारी लोखंडी कठड्याला हात लावून बघा, लगेच मागे घ्याल. आणि ज्याला आधाराची गरज आहे त्याला तर तोच कठडा धरायचा असतो.

अशाच एका पुलाच्या पायथ्याशी मी एकदा तासभर उभा होतो. कारखान्यात बिड्या द्यायला निघालेली एक बाई आली, पन्नाशीच्या पुढची, काखेत पिशवी, डोक्यावर पदर. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, वर पाहिलं, पाय काढून घेतला. मग डिव्हायडर जिथं तुटलाय तिथं गेली, ट्रक जाईपर्यंत थांबली आणि पदर सावरत पळतच पलीकडे गेली. तिला बेशिस्त म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. दिवसभर मांडी घालून बिड्या वळलेल्या गुडघ्यांना ४० पायऱ्या म्हणजे काय, ते त्यांनी चढून बघावं.

म्हणून गावातल्या रस्त्यावर मी आधी खालूनच वाट मागेन: पायी जाणाऱ्यांसाठी वेगळा वेळ असलेला सिग्नल, फुटपाथच्या पातळीला उचललेला झेब्रा आणि दुभाजकात व्हीलचेअर मावेल एवढी थांबायची जागा. पुलापेक्षा हे फार स्वस्त पडतं.

पुणे-हैदराबाद हायवेसारख्या ठिकाणी, जिथं कंटेनर सुसाट जातात, तिथं सिग्नलवर भरवसा ठेवून चालत नाही. पण तिथंही आधी भुयारी मार्गाचं विचारा. माणसाला ट्रकएवढी उंची लागत नाही, त्यामुळे चढ-उतार पुलाच्या निम्म्यावर येतो. फक्त पावसाचं पाणी काढायची सोय आणि रात्रीचे दिवे नकाशातच पक्के करून घ्या, नाहीतर बायका तिथून जाणार नाहीत.

पूलच होणार असेल तर लिफ्ट दोन्ही बाजूंना मागा. एकाच बाजूला लिफ्ट म्हणजे तुमच्या आईला वर नेऊन सोडून दिल्यासारखं. लिफ्टची देखभाल, वीज गेल्यावरची सोय आणि चालवणारा माणूस हे सगळं टेंडरमध्येच हवं. मी काम केलेल्या एका पुलाची लिफ्ट उद्घाटनानंतर काही महिन्यांतच बंद पडली, कारण दुरुस्ती कुणी करायची हे कागदावर कुठंच नव्हतं. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

जिन्याखालची बुटकी जागा बंद करायला सांगा, काठी टेकत येणाऱ्या अंध माणसाचं डोकं तिथंच आपटतं. रॅम्पवर मोटरसायकली चढू नयेत म्हणून खांब रोवतात, त्यातून व्हीलचेअर अडते. दोन खांबांत ९० सेंटिमीटर तरी मोकळे हवेत. तेवढ्यातून गाडीही जाते हे खरं, पण ती अडवायला माणूस ठेवा, अपंगांची वाट बंद करू नका.

हे सगळं हक्काने मागा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, आणि ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रातुरी खटल्यात स्पष्ट सांगितलंय की सुगम्यतेचे किमान नियम बंधनकारकच हवेत, नुसत्या शिफारशी चालणार नाहीत. अर्जात दोन्हींचा उल्लेख करा.

अर्ज देण्याआधी एक करा. संध्याकाळी कामं सुटायच्या वेळेला आईला आणि त्या मुलाला घेऊन जागेवर जा. लोक नेमके कुठून रस्ता ओलांडतात ते बघा, टेपने पुलाच्या जागेपासूनचं अंतर मोजा आणि अर्जाला फोटो जोडा. वाट लोकांनी आधीच पाडलेली असते, पूल तिथून शंभर पावलं लांब बांधला तर कुणी चढणार नाही. नकाशा मिळाला तर इथं टाका, उतार मी तपासून देतो.