वाचकांचे प्रश्न : छोट्या हॉलमधला रॉक

प्रश्न : आमच्या क्लबच्या हॉलमध्ये शंभरेक माणसं बसतात. बाहेरगावचे रॉक बँड येऊन स्वतःची गाणी वाजवतात, पण शब्द कळत नाहीत. गायकाचा आवाज वाढवला की माइक शिट्टी मारतो. मोठे स्पीकर आणावेत का? (एक वाचक, भुसावळ)

आणू नका. अडचण स्टेजवरच्या आवाजाची आहे. ड्रमला माइक लावला नाही तरी तो एवढ्या हॉलला पुरून उरतो. त्याच्यावर ऐकू यावं म्हणून गिटारवाला ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी) वाढवतो, मग बेस गिटारवाला वाढवतो. आता गायकाला स्वतःचाच आवाज येत नाही, म्हणून तो मॉनिटर, म्हणजे त्याच्याकडे तोंड करून स्टेजवर ठेवलेला स्पीकर, वाढवायला सांगतो. मॉनिटरचा आवाज माइकमध्ये आणि माइकचा पुन्हा मॉनिटरमध्ये जातो, त्यातून शिट्टी उठते. मोठ्या स्पीकरने शिट्टीच मोठी होईल.

साउंडचेक करताना आधी ड्रम माइकशिवाय वाजू द्या. त्यावर गायकाला गायला लावा, स्वतः हॉलच्या मधोमध उभे राहा आणि शिट्टी न येता शब्द स्वच्छ कळतील तिथे माइक थांबवा. तेवढ्यातही शब्द कळत नसतील तर ड्रमरला हात हलका करायला सांगा. जाड काठ्यांऐवजी बारीक काड्यांची जुडी असलेल्या ‘रॉड्स’ने खूप फरक पडतो. मग बेस आणि गिटार गायकाच्या आवाजाखाली बसवा. गिटारचा ॲम्प जमिनीवर असला की तो वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांवर वाजतो. त्यामुळे त्याला कमी ऐकू येतं आणि पहिल्या रांगेचे कान किटतात. ॲम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करून त्याच्या कानाकडे वळवा, म्हणजे तो आपणहून आवाज उतरवील.

शुअर एसएम५८सारखा माइक मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतो. म्हणून मॉनिटर माइकच्या बरोबर मागे, गायकाच्या समोर हवा. मुख्य स्पीकर माइकच्या पुढे, लोकांच्या बाजूला आणि डोक्यांच्या वर लावा. गायकाने जाळीभोवती मूठ आवळली की जाळीमागून आत जाणाऱ्या आवाजाची वाट बंद होते, माइक चहूकडचं ऐकू लागतो आणि शिट्टी येते. हे गायकाला आधीच सांगून ठेवा.

लग्नातल्या डीजेवाल्याचा सेट भाड्याने घेत असाल तर दोन १५ इंची टॉप (मुख्य स्पीकर) आणि एक बेस (जाड आवाजाचा स्पीकर) पुरे. डीजेचा मिक्सर (माइक आणि वाद्यं जोडून आवाज जुळवायचं यंत्र) मात्र बँडला चालत नाही, कारण त्यावर माइकची जागा एक-दोनच असते. किमान १२ चॅनलचा मिक्सर, पाच-सहा माइक, दोन मॉनिटर आणि बेस गिटार-कीबोर्डसाठी डीआय बॉक्स (वाद्य थेट मिक्सरला जोडायची छोटी डबी), अशी यादी लिहूनच द्या. पत्रा आणि फरशीच्या हॉलमध्ये आवाज घुमतो, त्यासाठी मागच्या भिंतीला गाद्या किंवा जाड पडदे टांगा. माणसं भरली की घुमणं बरंच कमी होतं, म्हणून रिकाम्या हॉलमध्ये ऐकून घाबरून जाऊ नका.

प्रश्न : गिटार वाजवता वाजवता गाताना ओठ माइकला लागला की झटका बसतो. (एक वाचक, धुळे)

हे अंगावर काढू नका, यात माणूस दगावू शकतो. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि माइकची जाळी मिक्सरच्या. दोन्हींपैकी एकाचं अर्थिंग तुटलं असेल तर वीज तुमच्या अंगातून वाट काढते. बहुतेक वेळा कुणीतरी तीन पिनी प्लगला दोन पिनी ॲडॉप्टर लावलेला असतो, नाहीतर स्पीकरमधली घरघर थांबावी म्हणून अर्थची पिनच कापलेली असते. घरघर घालवायला डीआय बॉक्सवर ‘ग्राउंड लिफ्ट’चं बटण आहे, ते दाबा. विजेच्या अर्थिंगला हात लावू नका.

गाण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा. एक टोक गिटारच्या तारेला आणि दुसरं माइकच्या जाळीला लावा. काटा जवळपास शून्यावर हवा. काही व्होल्ट जरी दिसले तरी वायरमन येऊन दोष सापडेपर्यंत कुणालाही माइकपाशी जाऊ देऊ नका. ॲम्प आणि मिक्सर एकाच अर्थिंग असलेल्या लाइनवर घ्या आणि त्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या. दिवे वेगळ्या लाइनवर टाका.

प्रश्न : मे महिन्यात वाजवताना गिटार सारखी उतरते. (एक वाचक, नंदुरबार)

उन्हाने तारा सैल पडतात. चव्वेचाळीस अंशांत बंद गाडीत गिटार ठेवली तर चिकटवलेले सांधेसुद्धा सुटू शकतात. वाजवण्याआधी तासभर ती हॉलमध्येच, केसबाहेर ठेवा आणि मगच लावा.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांची आहे. पुण्या-मुंबईच्या क्लबमध्ये जाऊन बँड ऐकायचे आहेत. (एक वाचक, जळगाव)

तिकीट काढण्याआधी वयाची अट वाचा. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे. त्यामुळे दारू मिळते असे अनेक क्लब नुसतं पाणी पिणाऱ्यालाही २१च्या आत दारातून परत पाठवतात, आणि तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. सर्व वयांना खुले असलेले कार्यक्रम शोधा. आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोसारखे कॉलेज महोत्सव त्यासाठी चांगले. क्लबचे कार्यक्रम उशिरा सुरू होतात. रात्रीच्या गाडीचं आरक्षण केलंत तर नेमका शेवटचा बँड हुकतो, पहाटेचं करा. बँडचे टीशर्ट दाराशी विकायला असतील तर एखादा जरूर घ्या, स्वतःची गाणी करणाऱ्या मंडळींना त्या पैशाचा मोठा आधार असतो.

प्रश्न : कार्यक्रमानंतर दुसऱ्या दिवशीही कानात शिट्टी वाजत होती. कापूस घालू का? (एक वाचक, चाळीसगाव)

कापसाने काही होत नाही. ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसण्याजोगा मानतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं, आणि छोट्या हॉलमध्ये १०० सहज होतात. फोमचे बोळे औषधांच्या दुकानात मिळतात. बोळा दोन बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, बोळा आत सारा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून धरा. नुसता कानाच्या तोंडाशी टेकवला तर उपयोग नाही. फोममुळे झांजा आणि शब्द दबलेले वाटतात. नेहमी जात असाल तर संगीतकारांसाठीचे, सगळे स्वर सारखेच कमी करणारे बोळे घ्या. स्पीकरच्या तोंडाशी उभे राहू नका, मिक्सरच्या आसपास राहा, साउंडवाला तिथलंच ऐकून आवाज जुळवत असतो. शिट्टी दोन दिवसांनीही गेली नाही किंवा एका कानाने कमी ऐकू यायला लागलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.