प्रदूषण आणि गर्भाशय: सर्वेक्षणाला निघण्यापूर्वी

प्रिय मैत्रिणी,

तुझा आराखडा वाचला. कारखान्यांच्या आसपासच्या वस्तीतलं प्रदूषण आणि स्त्रियांचं प्रजनन आरोग्य हा विषय तू घेतलास, याचा आनंद आहे. पण पहिल्याच ओळीत 'गर्भवती स्त्रिया व अर्भकांवरील परिणाम' असं उद्दिष्ट लिहिलं आहेस, आणि तिथेच मी अडले. ज्यांना दिवस राहत नाहीत त्या, ज्यांना मूल नकोच आहे त्या, पाळी जायला आलेल्या, पिशवी काढलेल्या, आणि एकूण एक पुरुष या एका ओळीने अभ्यासाबाहेर गेले. शीर्षकात 'स्त्रीवादी' हा शब्द घालून हे भरून निघणार नाही.

प्रश्न असा मांडला की उत्तर कुठे जातं, ते शिशाच्या उदाहरणात दिसतं. अमेरिकेत जॉन्सन कंट्रोल्स ही बॅटऱ्या बनवणारी कंपनी. तिने १९८२ मध्ये नियम केला की मूल होणं शक्य नाही असं वैद्यकीय प्रमाणपत्र असल्याशिवाय कुठल्याही बाईला शिशाच्या कामावर घ्यायचं नाही. शिसं शुक्राणूंनाही बाधतं, पण पुरुषांसाठी असा नियम नव्हता. १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा भेदभाव ठरवला. याच्या शेजारी डीबीसीपी हे सूत्रकृमिनाशक (मातीतल्या सूक्ष्म कृमींवर मारायचं रसायन) ठेव. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात ते बनवणाऱ्या पुरुषांच्या लक्षात आलं की आपल्यापैकी कुणाला मुलंच होत नाहीत. तपासणीत अनेकांच्या वीर्यात शुक्राणू फार कमी निघाले, काहींच्या वीर्यात निघालेच नाहीत. त्याच वर्षी सरकारने तातडीची मर्यादा घातली. एकीकडे बाईला दाराबाहेर काढलं, दुसरीकडे रसायनाला. तुझ्या अहवालाने या दोन्हींपैकी कुठला रस्ता सुचवावा, हे आकडे हातात येण्यापूर्वीच प्रश्नावलीत निम्मं ठरलेलं असतं.

'गरोदर बायकांना जपा' हा उपाय शरीरशास्त्राच्या हिशेबानेही लंगडा आहे. गर्भाची मज्जानलिका, म्हणजे जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती नळी, गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत बंद होते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, आणि अनेकींना आपण गरोदर आहोत हे ठाऊकही नसतं. थॅलिडोमाइड या मळमळीवरही दिल्या गेलेल्या औषधाने हातापायांची व्यंगं केली तीही गर्भधारणेनंतरच्या चौथ्या-पाचव्या आठवड्याच्या आसपास घेतलेल्या गोळ्यांमुळे. म्हणजे गरोदरपण कळल्यावर काम बदलून देणं बहुधा उशिराचं ठरतं. तसं नको म्हणून वयात आलेल्या प्रत्येक बाईला 'संभाव्य गर्भवती' मानलं, तर पुन्हा जॉन्सन कंट्रोल्सच. हवा आणि काम सगळ्यांसाठी स्वच्छ करणं एवढाच मार्ग उरतो: आधी घातक रसायन बदलणं, ते जमलं नाही तर यंत्र बंदिस्त करून धूर-वाफ ओढून घेणं, आणि मुखवटे-हातमोजे सगळ्यात शेवटी. (मुखवटे बहुतेक पुरुषांच्या चेहऱ्याच्या मापाचे असतात. लहान चेहऱ्यावर कडेने फट राहते आणि हवा तिथूनच आत येते. मापं नोंदव.)

आता प्रश्नावली. 'पाळी नियमित येते का?' हा प्रश्न काढून टाक. ज्या बाईला आयुष्यभर चाळीस दिवसांनी पाळी आली तीही 'हो' म्हणेल. मागच्या तीन पाळ्या सुरू झाल्याच्या तारखा विचार, आणि शक्य असेल तर पुढचे तीन महिने दिनदर्शिकेवर खुणा करायला सांग. चक्र मोजायचं ते रक्तस्राव सुरू झाल्याच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत. २४ ते ३८ दिवस ही सामान्य कक्षा आहे आणि स्राव ८ दिवसांपर्यंत चालू शकतो. २८ ही फक्त पुस्तकी सोय. गर्भनिरोधक गोळ्या किंवा इंजेक्शन घेणाऱ्या, अंगावर पाजणाऱ्या आणि तांबी बसवलेल्या स्त्रिया विश्लेषणात वेगळ्या ठेव. तांबीने स्राव वाढतो, आणि ती वाढ तू प्रदूषणाच्या खात्यात टाकशील.

स्राव किती, हे जास्त अवघड. संशोधनात एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त म्हणजे अतिस्राव, असं मोजमाप बरीच वर्षं चाललं. ते कापडातलं रक्त प्रयोगशाळेत काढून मोजत. रोजच्या जगण्यात ते कुणी करत नाही, आणि ७० मिलिलिटर जाऊनही एखादी थकून आडवी पडत असेल तर तिला 'सामान्य' म्हणून काय मिळवलं? म्हणून आता बाईच्या जगण्यात किती अडथळा येतो हाच निकष डॉक्टरही धरतात. दर एक-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का, रात्री त्यासाठी उठावं लागतं का, अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठी पडतात का, त्या दिवसांत कामाला खाडा होतो का, असं विचार. जोडीला हिमोग्लोबिन कर. गरोदर नसलेल्या स्त्रीत १२ ग्रॅमच्या खाली आलं की रक्तक्षय.

न विचारलेल्या प्रश्नाची किंमत काय असते ते २०२१ मध्ये दिसलं. कोविडच्या लसींच्या मोठ्या चाचण्यांत पाळीची माहिती घेतलीच नव्हती. लस घेतल्यावर पाळी पुढे-मागे झाल्याचं हजारो बायका सांगू लागल्या, आणि उत्तर द्यायला कुणाकडे आकडे नव्हते. ती पोकळी वंध्यत्वाच्या अफवांनी भरली. पुढे चक्रांच्या नोंदी तपासल्या तेव्हा फरक निघाला सरासरी एका दिवसापेक्षाही कमी, आणि तोही तात्पुरता. बायका खरं सांगत होत्या आणि घाबरण्यासारखंही काही नव्हतं. एक प्रश्न आधी विचारला असता तर या दोन्ही गोष्टी वेळेवर सांगता आल्या असत्या.

गर्भपाताबद्दल 'कधी पोट पडलं होतं का?' असा सुटा प्रश्न विचारू नकोस. पहिल्या गरोदरपणापासून क्रमाने चाल: तेव्हा वय किती, काम कुठलं, घर कुठे, आणि शेवट काय झाला? जिवंत मूल, मेलेलं मूल, आपोआप पडलेलं, की पाडून घेतलेलं? चौथा पर्याय इतर तिघांइतक्याच सहज सुरात वाचला पाहिजे. आवाज खाली गेला की बाई तिसरा पर्याय निवडते आणि तुझा आकडा बिघडतो. ही मुलाखत एकांतातच हवी. शेजारी घरातलं कुणी बसलं असेल तर त्या दिवशी हवा-पाण्याचे प्रश्न विचार आणि बाकीच्यासाठी पुन्हा जा. एवढं करूनही सगळं हाती येत नाही. १९८८ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात स्त्रियांची रोजची लघवी तपासली, तेव्हा रुजलेल्या गर्भांपैकी ३१ टक्के गेले, आणि २२ टक्के तर गरोदरपण लक्षात येण्यापूर्वीच. हे नुकसान प्रश्नावलीला कधीच दिसणार नाही, हे अहवालात लिहायचं.

संख्येचंही बघ. लक्षात आलेल्या गरोदरपणांपैकी साधारण १५ टक्के आपोआप पडतात. तुझ्या वस्तीत हे प्रमाण दुप्पट, म्हणजे ३० टक्के असेल, तर ते पकडायला प्रत्येक गटात सुमारे १२० गरोदरपणं लागतील. १५ चे २० झाले असतील तर प्रत्येक गटात सुमारे ९००. तुझ्या आराखड्यात प्रत्येकी ६० आहेत. एवढ्यावर 'फरक आढळला नाही' असं लिहिलंस, तर कारखान्याचा वकील तेच वाक्य 'फरक नाही' म्हणून वाचून दाखवेल. एकाच बाईची तीन गरोदरपणं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, तेव्हा खरी गरज याहून थोडी जास्तच.

दोन फसवे आकडे आधीच ओळखून ठेव. रसायन तीव्र असेल तर सदोष गर्भ लवकरच पडतात आणि जन्मलेल्या मुलांत व्यंगं उलट कमी दिसतात. फक्त जन्मनोंदी पाहणारा म्हणतो, सगळं ठीक आहे. दुसरं, मूल झाल्यावर अनेकजणी काम सोडतात आणि मूल न झालेल्या टिकून राहतात. मग कामावरच्या बायकांत वंध्यत्व जास्त दिसतं, पण त्यात रसायनाचा काही संबंध नसूही शकतो. काम सोडून गेलेल्यांना शोधून काढणं हाच इलाज, आणि तो कंटाळवाणा आहे. दवाखान्याच्या कागदांवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी गडचिरोलीचा अभ्यास पुरेसा आहे. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या, १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होता आणि त्याआधी तशी तपासणी फक्त ८ टक्क्यांची झाली होती.

नमुन्यांबद्दल थोडक्यात. रक्तातलं शिसं निम्मं व्हायला साधारण महिना लागतो, हाडातलं मात्र दशकानुदशकं राहतं. गरोदरपणात, अंगावर पाजताना आणि पाळी गेल्यावर हाडं झिजतात तेव्हा ते पुन्हा रक्तात उतरतं. म्हणून पूर्वी काम केलेल्यांनाही घे. बोट टोचून रक्त घेतलंस तर कातडीवरची धूळही त्यात मोजली जाऊ शकते. आधी साबणाने हात धुवायचे, आणि आकडा जास्त आला तर शिरेतल्या रक्ताने खात्री करायची. थॅलेट किंवा बिस्फेनॉल ही प्लास्टिकमधली रसायनं काही तासांत लघवीवाटे निघून जातात, त्यामुळे एका नमुन्यावरून फार तर आदला दिवस कळतो. वेगवेगळ्या दिवशी किमान तीन घे, आणि रिकाम्या डब्यांचीही तपासणी कर, कारण प्लास्टिक स्वतःच थॅलेट सोडतं. प्रोजेस्टेरॉन (बीज सुटल्यावर वाढणारं हार्मोन) सगळ्यांचं चक्राच्या एकविसाव्या दिवशी तपासणार असं लिहिलं आहेस. ते २८ दिवसांच्या चक्राला चालतं. ते पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी पाहायचं असतं. ३५ दिवसांचं चक्र असणाऱ्या बाईत एकविसाव्या दिवशी नुकतंच बीज सुटलेलं असेल, आणि तू 'बीज तयार होत नाही' असा शेरा मारशील.

तुझ्या टिपणात 'बायकांचं म्हणणं पुराव्याशी पडताळून पाहू' असं एक वाक्य आहे. पडताळ जरूर, पण म्हणणंही पुरावाच असतं. डीईएस हे कृत्रिम इस्ट्रोजेन गर्भपात टळावा म्हणून लाखो गरोदर स्त्रियांना दिलं गेलं. त्याचा उपयोग होत नाही हे १९५३ मध्ये शिकागोच्या चाचणीत दिसलं होतं, तरी ते चालूच राहिलं. बोस्टनमध्ये तरुण मुलींना योनीचा एक अतिदुर्मीळ कर्करोग दिसू लागला, तेव्हा एका रुग्ण मुलीच्या आईनेच डॉक्टरांना विचारलं, मी गरोदरपणी घेतलेल्या गोळ्यांमुळे तर नाही ना? १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातल्या आठपैकी सात मुलींच्या आयांनी ते औषध घेतलेलं निघालं. जपानमधल्या मिनामातामध्येही तसंच. तिथे कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा माशांत उतरला होता. वार विष अडवते, गर्भापर्यंत पोचू देत नाही असं तेव्हा मानत, पण मासे खाणाऱ्या आयांना फारसा त्रास नसताना मुलं मात्र गंभीर आजारी जन्मत होती. पुढे घराघरांत जपून ठेवलेल्या वाळलेल्या नाळा तपासल्या आणि त्यांत मिथाइल पारा, म्हणजे पाऱ्याचं तेच विषारी रूप, सापडला. तूही विचार, कुणाच्या घरात काय जपलेलं आहे: जुन्या चिठ्ठ्या, गोळ्यांची पाकिटं, पगाराच्या पावत्या.

शेवटच्या प्रकरणात लोकसंख्यावाढीने पर्यावरण बिघडतं, म्हणून संततिनियमन हवं असं लिहिलं आहेस. हा भाग माझ्या मते काढावा. गर्भनिरोधक बाईला हवं म्हणून मिळालं पाहिजे. नदी वाचवायला ते दिलं की तिच्या तक्रारी गौण होतात. प्वेर्तो रिकोत १९५६ मध्ये पहिल्या गोळीची चाचणी झाली. तिथल्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी दुष्परिणाम फार आहेत असं कळवलं होतं, तरी ते बाजूला सारून आजच्या मानाने कितीतरी जास्त हार्मोनची गोळी पुढे गेली. १९९४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्येवरच्या कैरो परिषदेत १७९ देशांनी लोकसंख्येच्या उद्दिष्टांऐवजी हक्कांची भाषा स्वीकारली ती अशाच अनुभवांनंतर. त्याच प्रकरणातलं 'स्त्री निसर्गाच्या जवळ असते' हेही नको. धूर तिच्या फुप्फुसात जास्त जातो कारण चूल तिच्याकडे आहे. कामाची वाटणी बदलली की तेही बदलेल.

निकाल कुणाला सांगायचे हे नमुने घेण्यापूर्वी ठरव. लघवीच्या तपासणीत गरोदरपण कळणार असेल तर ते फक्त तिला, एकटीला. मालकाला व्यक्तिगत निकाल कधीच नाहीत, विभागवार सरासरीसुद्धा दहाहून कमी माणसांची असेल तर नाही. ज्यांच्यात दोष निघेल त्यांना कुठे पाठवायचं, त्या दवाखान्याशी आधी बोलून ठेव. तशी सोय नसेल तर ती तपासणीच करू नकोस. आणि दुधाचे नमुने घेणार असशील तर एक वाक्य आधीच छापून ठेव: दुधात रसायनाचा अंश सापडला म्हणून पाजणं बंद करू नका. बहुतेक परिस्थितीत अंगावर पाजण्याचा फायदा त्या अंशाच्या धोक्याहून मोठा असतो, आणि खूप जास्त पातळी निघाली तर डॉक्टरांनी त्या आईशी बसून ठरवायचं असतं. हा कागद निकालासोबत न देता त्याच्या आधी द्यायचा.

सुधारलेली प्रश्नावली आधी दहाजणींवर करून बघ आणि कुठल्या प्रश्नाला त्या थांबल्या ते समासात लिहून पाठव.

कळावे, लोभ असावा.